बिनफोडणीचं कढण

तुम्ही आता माझ्या हातचं कुळथाचं कढण मागून पिता, म्हणून सांगतो.

आखाडात माझी पत्नी वारली, तेव्हा धामणगावची बहीण येऊन राहिली होती. जाताना म्हणाली, "दादा, एकट्यानं तुले जमनार नाही. माह्या घरी चाल." मला मेहकर सोडायचं नव्हतं. त्या तेरा दिवसांत तिला बघून मी कढण तेवढं शिकलो होतो.

थंडी पडल्यावर शेजारचे नामदेवराव धामणगावला निघाले. त्यांनी माझं बरं चाललंय असं बहिणीला सांगावं, म्हणून आदल्या दिवशी त्यांना आणि त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंना कढण प्यायला बोलावलं.

पहिल्या घोटालाच दोघं थांबले. वत्सलाबाईंनी पदर सावरला.

"गुरुजी," नामदेवराव हळूच म्हणाले, "कोन वारलं?"

"कोणी नाही."

"आमच्यापासून काऊन लपवता? तार आली काय?"

"कसली तार?"

"बिनफोडनीचं कढन पाजून राह्यले, अन् म्हनता कोनी नाही!"

मी वाटीत बघितलं. "याला फोडणी असते?"

वत्सलाबाई म्हणाल्या, "भाऊजी, सुतकात देत नाहीत फोडनी. तेराव्यानंतर देतात."

"मला वाटलं, माझ्या हातालाच चव नाही."

वत्सलाबाईंनी उठून तेल तापवलं, लसूण ठेचून टाकला. चर्र झालं आणि घरभर तो जुना वास पसरला.

नामदेवरावांनी पुन्हा वाटी पुढे केली. "मंग बहिनीले काय सांगू?"

"सांगा," मी म्हणालो, "दादाचं सुतक आज फिटलं."