सैल तारा

हॅलो? … हो, मीच. ठेवू नकोस फोन, दादा. … अरे ऐक तर! बाबांचंच आहे. … नाही रे, बाकी ठणठणीत आहेत. कान चाललेत. डावा गेलाच. उजवा महिनाभर टिकला तर नशीब, म्हणाले डॉक्टर.

… काय हवंय म्हणजे? तुझी गिटार ऐकायचीय त्यांना. … हसू नकोस. हो, तेच तुझं हेवी मेटल.

… माहितीये, ‘लोखंडाचा कारखाना’ म्हणायचे. आणि त्यांच्या रोमँटिक पियानोला तू काय म्हणायचास? ‘मखमली रडगाणं’! … मधल्या खोलीत अभ्यासाला कोण बसायचं? मी! या भिंतीतून ते, त्या भिंतीतून तू. … खरं सांगू? मला फरकच कळायचा नाही. शप्पथ! त्यांचे दोनशे वर्षांपूर्वीचे झिपरे संगीतकार आणि तुझे झिपरे, सगळ्यांना एकच रोग. प्रेमभंग, वादळ, मरण. आधी हळूच मुसमुसायचं, मग फडताळातली सगळी भांडी एकदम खाली. … हो, हो, तुझी जरा जास्त पडायची!

… आलास ना शेवटी त्या स्पर्धेवर? वाटलंच. … ऐन स्टेजवर तुटली तार, मान्य. त्यांनीच पिळली होती. … खुन्नस नव्हती रे! पोरगं सैल तारांनी स्टेजवर चढणार, लोक हसतील, म्हणून गुपचूप सुरात लावून ठेवली. तुम्ही मेटलवाले जड आवाजासाठी तारा मुद्दाम सैल ठेवता, हे त्यांना काय ठाऊक? लोकांचे बेसूर पियानो जुळवण्यात हयात गेली त्यांची!

… परवा कळलं त्यांना. माझ्या लेकीनं मोबाइलवर दाखवलं. पियानोचं झाकण लावून बसले. जेवलेसुद्धा नाहीत.

… माफी? ते मागणार? तू मागितलीस कधी? बावीस वर्षं दोघं फुगून बसलात आणि निरोप्या मी. विटले आता!

… पुढच्या महिन्यात? तेव्हा काय खाणाखुणा करून वाजवणार? रविवारी ये. … अँप्लिफायर आण, मोठा. … शेजाऱ्यांचं मी बघते. बोंबलू देत.

… हॅलो? रडतोयस? … बरं, सर्दी. सर्दीच.

… काय? थांब, विचारते. बाबा! दादा विचारतोय, गिटार कशी लावून आणू? … गिटार! कशी लावू!

… म्हणतात, तुला हवी तशी.

… दादा? … हॅलो?