जीवराम आबांचा तिरका काप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लाकूडकाम कारखान्याचे चेअरमन आदरणीय देवचंदभाऊ, व्यासपीठावरचे संचालक, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते जीवराम आबा मिस्त्री, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी केसरबाई अक्का, आणि समोर सतरंजीवर बसलेले माझे सोबती, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

आज शनिवार, तीस एप्रिल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. सकाळी आठला मशीन सुरू झाली, अकराला बंद केली. भुसा झाडून इथे सतरंजी अंथरली. दुपारी जेवणं झाली. साडेतीनला आबांना शाल आणि श्रीफळ दिलं, मानपत्र वाचलं. नंतर माझं नाव पुकारलं. मी आधार बैसाणे, इथला स्टोअरकीपर. मला भाषणाची सवय नाही. देवचंदभाऊ म्हणाले, "आधार, आबांच्या कामाबद्दल चार शब्द बोल, तुझं अक्षर चांगलं आहे." अक्षराचा बोलण्याशी काय संबंध, ते मला कळलं नाही. पण लिहून आणलं आहे.

आबांचं काम म्हणजे काय? गोल करवतीवर सरळ फळी कोणीही कापेल. माणसाची परीक्षा तिरक्या कापाला होते. चौकटीचे कोपरे पंचेचाळीस अंशात जुळवायचे असतात, तेव्हा लाकूड पात्याला आडवं जातं आणि पातं त्याला ओढू पाहतं. आबा सांगायचे, लाकूड सरकत्या गाईडला शिकंज्याने घट्ट आवळ. बाजूची उभी पट्टी दूर सारून ठेव. दोन्हींचा आधार एकदम घेऊ नको, कारण कापलेला तुकडा पातं आणि पट्टी यांच्यामध्ये अडकतो, आणि अडकलेला तुकडा मागे फेकला जातो. पात्याचे दात लाकडाच्या वर अगदी थोडे दिसू दे. पातं पूर्ण थांबल्याशिवाय तुकड्याला हात लावू नको.

आणि पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. कोणी राहिलाच, तर आबा लांबून ओरडायचे, "का रे, नवरदेव शे का तू? हार घालसू म्हणीसन समोर उभा राहीना?" मशीनवरच्या झिपरूला ते रोज सुटीच्या वेळी विचारायचे, "बोटं मोज रे. दहा शेतस ना? बायकोले दहाच परत दे." आपण हसायचो. एकवीस वर्षं आबा मशीनवर मुख्य मिस्त्री होते, आणि शेवटचा एक दिवस सोडला तर त्या एकवीस वर्षांत इथे कोणाचं नखही गेलं नाही.

मानपत्रात हे सगळं आलं. चौऱ्याऐंशी सालापर्यंत आलं. त्यानंतर एकदम आज निवृत्ती आली. मधली साडेतीन वर्षं आबा त्या कोपऱ्यात रंधा मारत होते, ते मानपत्रात नाही. लिहिणाऱ्यांचा दोष नाही. लिहायचं तरी काय? त्यांच्या देखरेखीत माणूस गेला, असं?

तो माणूस माझा धाकटा भाऊ, वना.

आबा, मला हाताने खुणा करू नका. मी बसणार नाही. अक्का, त्यांना पाणी द्या.

आपल्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते. आमच्या घरी ही पूजा नाही, पण ही कारखान्याची रीत आहे आणि नट खोलायचे पाने माझ्या ताब्यात असतात. पात्याला हळदकुंकू लागावं, हार घालता यावा, म्हणून पात्यावरची लोखंडी टोपी आणि पात्यामागची पाचर मी दरवर्षी सोडतो. ती पाचर कापलेली फट मिटू देत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, काम सुरू व्हायच्या आधी, दोन्ही परत बसवायची. तेही माझंच काम.

चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर जळगावच्या एका शाळेच्या फळ्यांच्या चौकटी द्यायच्या होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा लाकूड बघायला डेपोत गेले होते, मशीनवर वना होता. माझ्याकडे मालाची गाडी आली होती, मी नोंदी करत होतो. वना स्टोअरच्या दारात आला.

"भाऊ, टोपी कोठे शे?"

"फळीवर शे. दुपारले बसाडी देसू."

"आबा बोंबलतीन."

"आबा येवाना पहिले बसाडसू. तवलोंग हळू चालाड. तुले काय आज शिकाडनं पडी का?"

तो हसला आणि गेला.

सगळे तुकडे एका मापाचे यावेत म्हणून त्याने बाजूची पट्टीही लावून घेतली होती. ती चूक त्याची. पण पाचर असती, टोपी असती, तर? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. तुकडा अडकला, मागे फेकला गेला आणि त्याच्या बरगडीखाली लागला. रक्त आलं नाही. तो उभा राहिला, पाणी प्यायला आणि "काही नई झायं" म्हणाला. मार आतला होता. संध्याकाळी सहाला दवाखान्यात त्याने प्राण सोडला. त्याचं वय एकतीस होतं.

आबा डेपोतून थेट दवाखान्यात आले, तिथून कारखान्यात. माझ्या स्टोअरच्या फळीवर टोपी होती, पूजेत तिलाही लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. त्यांनी टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चौकशीत त्यांनी सांगितलं, "टोपी बसवू नका, माल लवकर काढायचा आहे, असं मीच सांगून गेलो होतो." बाहेर आल्यावर मी त्यांच्या पायाशी बसलो. ते म्हणाले, "एका घरातला एक माणूस गेला. दुसरा मी जाऊ देणार नाही. तुझ्या पगारावर दोन चुली आहेत. तोंड बंद ठेव."

मी बंद ठेवलं. आबांचं मुख्य मिस्त्रीपद गेलं, तेव्हाही ठेवलं. वनाच्या जलदान विधीला आबा दोंडाईच्याला आले. वनाची बायको द्रौपदाबाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "आबा, तुम्ही आठून जा. तुमना हातनं पाणी त्याले नको." ते उठून गेले. मी तिथेच बसलो होतो. पाण्याचं भांडं माझ्या हातात होतं.

देवचंदभाऊ, माझी विनंती एवढीच आहे. अपघाताच्या नोंदवहीत जे लिहिलं आहे ते खोडून खरं लिहा, आणि मानपत्राला ती साडेतीन वर्षं जोडा. माझ्या नोकरीचं संचालक जे ठरवतील ते मला मान्य आहे. स्टोअरच्या किल्ल्या मी आपल्या टेबलावर ठेवल्या आहेत.

आबा, आपले आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि माफी मागायची माझी लायकी नाही. आपण आणि अक्का सुखात राहा. आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. शुभ दिवशी अशुभ बोललो, कोणाच्या मानात काही उणं राहिलं असेल, तर पदरात घ्यावं.

चहाला मी थांबत नाही. द्रौपदाबाईला हे अजून माहीत नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगण्याआधी ते मी सांगायला हवं. सोबत कोणी येऊ नका. साडेपाचची दोंडाईच्याची एसटी आहे, तिकीट मी सकाळीच काढलं आहे.