पाहुण्या ढालकिड्याचं जेवण

मंडळी, ऐका! अन्नात विष कालवणारा पापी – यात वाद नाही. पण विष न कालवता, आपण हौसेनं वाढलेला घास खाऊन पाहुणा मेला, तर दोष कुणाचा? सांगा! …गप्प का? मग ऐकाच.

आपल्याच गावचा केरबा. आजच्या महाप्रसादाला पालक द्यायचा त्यानं शब्द दिला – तोही औषध न फवारता! पालकावर पडला मावा. – आजोबा, जिभल्या चाटू नका, पेढ्यातला नव्हे! पानाचा रस पिणारी बारीक कीड. तिला खातो ढालकिडा. लाल पाठ, काळे ठिपके. केरबानं डबीभर आणले, सोडले. म्हणाला, जेवा पाहुण्यांनो!

जेवले. आणि मरू लागले! जगले त्यांची अंडी फुटेनात. मावा मात्र वाढतच गेला.

केरबा तणतणत बांधावर. पलीकडे शेजारी शिदू वांगी तोडत होता.

"शिद्या, तू फवारलंस! वाऱ्यानं इकडं आलं, माझं किडं मेलं!"

"डोळं हाईत का बटणं? हे बघ, तुझंच किडं माझ्या वांग्यावर पिलावळ घेऊन बसल्यात. फवारलं असतं तर जगलं असतं व्हय?"

केरबानं वाकून वांग्याची पानं पाहिली. खरंच! बांध एक, वारा एक. मग वेगळं काय? पाणी! शिदूचं विहिरीचं, केरबाचं ओढ्याचं. आणि ओढ्यात वरून येतं धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचं.

केरबानं माती तपासून घेतली. कॅडमियम निघालं – जड धातू. वास नाही, रंग नाही. पाण्यातून मातीत, मातीतून पानात, पानातून माव्यात. मावा तेवढ्यानं मरत नाही. पण ढालकिडा मावाच खाऊन जगतो. प्रत्येक घासातलं कॅडमियम त्याच्या पोटात साठत जातं.

काल सकाळी केरबा बायकोला म्हणाला, "हौसा, धुतला की मावा जाईल. पालक हिरवागार दिसतोय. शब्द दिलाय गं."

"मावा जाईल. पानातलं कुठं जाईल? किड्यांना वाढलंत तवा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक हाय."

दोष इथून सुरू होतो, मंडळी! कळल्यावर!

केरबानं सगळा पालक उपटला. गुरांनाही घातला नाही. हात जोडून बांधावर गेला – "वांगी देतोस?"

"देतो. आधी ते 'शिद्या' परत घे!"

"घेतलं, शिदूभाऊ!"

म्हणून आज पानात वांगं आहे. आणि कारखान्याचं पाणी ओढ्यात सोडायची चावी ज्याच्या हातात, तोही पंगतीत आहे. आपल्याच गावचा आहे. त्याला उपाशी उठवू नका. पोटभर वाढा. जेवून उठला, की हातावर पाणी घाला आणि सांगा – "दादा, हे विहिरीचं आहे. तुमचं कुठं जातं, ते आता आम्हाला कळलंय."