गल्लीतला खताचा हौद

नाही हो, हौद कुठे पळून जातोय — आधी चहा घ्या, ऊन जरा उतरू दे, मग दाखवते. तुमच्या गल्लीतही असाच करायचाय म्हणता — कराच. पालिकेच्या भरवशावर राहिलात तर कचऱ्यात बुडाल. आम्ही काय कमी खेटे घातले? अर्ज झाले, साहेब बदलले, कचऱ्याची गाडी काही आली नाही. कोपऱ्यावर ढीग, तो पेटवला की धूर घरात, पोरं खोकतायत — मग म्हटलं, आपला हात जगन्नाथ. मागच्या भिंतीशी, या खिडकीखालीच, हौद बांधला, गांडुळं आणून सोडली, दारोदार फिरून सांगितलं, सालं, देठं, चहाचा चोथा इथे टाका. सगळे हसले. सगळ्यात जास्त कोण? आमची धाकटी जाऊ, वरच्या मजल्यावर राहते ती. म्हणायची, थोरल्या बाईंनी किडे पाळलेत. आणि आता? सालं बारीक चिरून आणते — का, तर गांडुळांना दात नसतात.

बिस्किट घ्या ना. वास? फिनेलचा, हो. जिना पुसला सकाळी. — नाही पुसला. तुमच्याशी कशाला खोटं बोलू, सकाळपासून सगळ्यांशी तेच चाललंय. काल तुमचा फोन आला, बघायला येते म्हणून, आणि माझ्या डोक्यात एकच — हौदाला वास येतोय. येणारच की, ओलं जास्त झालं होतं. वर सुकी पानं पसरली की जातो वास, हे मीच सगळ्यांना शिकवते. पण पाहुणी येणार, नाकाला रुमाल लावणार, म्हटल्यावर माझा हात कुठे गेला? फिनेलच्या बाटलीकडे. नुसत्या काठावर शिंपडायचं होतं, असं आता मी मनाला सांगतेय — ओतलं मी, आत ओतलं. थोड्या वेळानं बघते तर सगळी गांडुळं वर आलेली, वळवळत काठावर चढायला बघतायत. मग वळवळही थांबली. मी काय केलं? झाकण लावलं आणि दूध आणायला गेले, तुमच्या चहासाठी.

लाज वाटते हो. पालिकेला इतक्या शिव्या दिल्या, काही करत नाहीत म्हणून. आणि मी केलं ते हे. गांडुळं काय, परत आणता येतील — पण गल्लीला कळलं तर परत कोण सालं वेगळी काढणार? पुन्हा तो ढीग, पुन्हा तो धूर. सांगायला हवं, कळतंय मला. तोंड उघडत नाही.

थांबा — आलीच बघा जाऊ. हो गं, या त्याच, हौद बघायला आलेल्या. नाही, अजून नाही दाखवला. काय आणलंस? कलिंगडाची सालं — एवढी बारीक चिरलीस? ठेव इथेच, मी टाकते नंतर — नाही, तसं काही नाही — बरं, टाक. टाक तूच... हलत नाहीत? अगं, झोपली असतील, ऊन आहे ना. झाकण लाव नीट.

गेली. हसत गेली, बघितलंत? तुम्ही तरी बोलायला हवं होतं, ताई. माझ्याच्यानं नाही झालं. — राहू दे तो चहा, गार झालाय. निघा तुम्ही.