लाल ठिपका

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी बसून घ्या. डाव्या बाजूला खुर्च्या रिकाम्या आहेत. मला थोडा वेळ लागणार आहे.

तुम्ही सगळे आलात. ठाण्याहून, कल्याणहून आलात. एक कुटुंब टिटवाळ्याहून दोन लहान मुलं घेऊन आलं आहे. सुधीर असता तर चहा कोणाला मिळाला नाही ते बघत हॉलभर फिरला असता. मला ते जमत नाही. आज बोलणंही जमेल याची खात्री नाही, म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. आवाज अडकला तर मी थांबेन. मला धरायला कोणी उठू नका.

प्रकाशभाऊजी, म्हणजे सुधीरचा धाकटा भाऊ, मला दोनदा म्हणाले, वहिनी, तुम्ही नुसत्या बसा, बोलायचं आम्ही बघतो. मी बसले होते. मग ते बोलले. निवृत्तीनंतर दादाला भलती संगत लागली, असं म्हणाले. नाव घेतलं नाही. पण तुम्ही सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलंत. ते मला इथून दिसलं.

दाराशी लॉरेन्स उभा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लॉरेन्सचं ठाण्याला गॅरेज आहे. चार वर्षं सुधीर आणि तो मिळून एक जुनी जीप दुरुस्त करत होते. त्याच जीपमध्ये सुधीर गेला.

सुधीर आणि मी एका कॉलेजातले. त्याला साधा पंख्याचा रेग्युलेटर बदलता यायचा नाही. आयुष्यभर विमा कार्यालयात फायली पाहिल्या, आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात हा माणूस टेम्पोवर लादून एक सांगाडा घेऊन आला. चारही चाकांना जोर मिळतो ती जीप. पत्रा गंजलेला, सीट नाही, बॉनेटखाली कोंबडीने अंडी घातलेली. आमच्या सोसायटीने चौथ्या दिवशी नोटीस लावली. तेव्हा लॉरेन्स म्हणाला, सुधीरभाऊ, माझ्या अंगणात लावा, आमची माणसं कोंबड्यांना घाबरत नाय.

दर शनिवारी आम्ही डोंबिवलीहून त्याच्याकडे जायचो. शीळफाट्याच्या कोंडीत तासभर घालवायचा, आणि सुधीर त्या तासात मला गिअरबॉक्स समजावून सांगायचा. चुकीचा. मग लॉरेन्स बरोबर सांगायचा. त्यांनी इंजिन उतरवलं, बसवलं. मागे पाण्याची टाकी बसवली, शेगडीची पेटी केली, टपावर उघडणारा तंबू लावला. रानात मुक्काम करायचा, सकाळी चहा करायचा, पुढे जायचं. त्याचं सगळं स्वप्न एवढंच होतं.

मी तिथे काय करायचे? मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होते. माल पास करायचा की परत पाठवायचा, हे माझं काम. म्हणून पहिल्याच महिन्यात मी नियम घातला. जो नट आवळेल, त्याने स्वतः तो तपासायचा नाही. आवळणाऱ्याने नटावरून दांड्यावर ओढून पांढरा ठिपका द्यायचा. मग दुसऱ्याने पाना लावून, बोटाने चाचपून पाहायचं आणि शेजारी तसाच लाल ठिपका द्यायचा. लाल ठिपका नसेल तर गाडी अंगणाबाहेर जाणार नाही. पांढरा ठिपका लॉरेन्सचा. लाल माझा.

लाल रंगासाठी मी फडके रोडवर जाऊन नेलपॉलिश आणलं. उभ्या जन्मात कधी लावलं नाही. दुकानातली मुलगी विचारते, काकू, फंक्शनला का? मी म्हटलं, जीपला. सुधीर हे पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होता.

आता त्या शनिवारचं सांगते.

रविवारी ते दोघं मुरबाडच्या पुढे जाणार होते. माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी जाणार नव्हते. त्याबद्दल मी चिडलेली होते, आणि चिडले की मी जास्त कडक होते, हे तुम्हाला माहीत आहे. सुधीरने मागच्या दाराला घडीचं टेबल केलं होतं, खास माझ्यासाठी. मी त्यावर लेव्हल ठेवून पाहिली आणि म्हटलं, तिरकं आहे, आधी हे सरळ कर. तो मुकाट्याने सरळ करायला बसला.

मी गोणपाटावर आडवी होऊन गाडीखाली शिरले. एकेक नट पाहत गेले. शेवटचा एक राहिला, पलीकडच्या चाकाजवळचा. स्टिअरिंग फिरवलं की ज्या दांड्याने चाकं वळतात, त्या दांड्याचा नट. तो सुटू नये म्हणून त्यातून एक पिन आरपार घालून वाकवतात. तिथपर्यंत जायला मला बाहेर येऊन, पलीकडून पुन्हा आत शिरावं लागणार होतं. गुडघा ठणकत होता. पांढरा ठिपका लांबून दिसत होता. लॉरेन्सचा. चार वर्षांत त्याचा एकही नट मी परत पाठवला नव्हता.

मी हात लांब केला आणि लाल ठिपका दिला. पाना लावला नाही. बोट लावलं नाही.

बाहेरून सुधीरने विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

पिन घातलेली नव्हती. जुनी काढून टाकली होती, नव्या संपल्या होत्या, आणून घालू म्हणून लॉरेन्सच्या हातून राहून गेलं. ठिपका मात्र तो आधीच देऊन बसला होता. हे त्याने पहिल्याच दिवशी, प्रकाशभाऊजींच्या समोर, आपण होऊन सांगितलं. चूक त्याची होती. ती पकडण्यासाठीच तर दुसरा ठिपका होता.

रविवारी नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर सुधीर एकटा गाडीत होता. लॉरेन्स पुढे चालत वाट दाखवत होता. अशा वाटेवर तशीच पद्धत आहे. धक्के बसून नट निघाला. लॉरेन्सने डावीकडे हात केला, सुधीरने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, आणि चाकं वळली नाहीत. गाडी नाल्यात जाऊन उलटली. लॉरेन्सने एकट्याने त्याला बाहेर काढलं. पाठीवर घेऊन वर रस्त्यापर्यंत आणलं. हे इथे अजून कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलते.

तिसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. आत आला नाही. चपलांपाशी उभा राहिला. मी त्याला एकच विचारलं. नट गेला, पण दांड्यावरचा अर्धा ठिपका राहतो. मी म्हटलं, "लॉरेन्स, लाल होता का?"

तो म्हणाला, "गाडीखाली अंधार होता वहिनी. काय दिसलं नाय."

मंडळी, गाडी उलटी पडली होती. चाकं आभाळाकडे होती. सकाळचे अकरा वाजले होते.

त्याने पाहिला होता. आणि बारा दिवस तो गप्प राहिला. गॅरेज बंद ठेवून बसला, फोनवर तुमच्यापैकी काहींच्या शिव्या ऐकल्या, आणि माझं नाव घेतलं नाही. आणि मीसुद्धा गप्प राहिले. बारा दिवस लोक मला धीर देत होते आणि मी तो घेत होते. तो का गप्प राहिला हे मी समजू शकते. मी का राहिले? याचं उत्तर मी लिहून आणलेलं नाही. मला सापडलं नाही.

काल मी पोलिसांकडे जाऊन जबाब लिहून दिला आहे. गाडी त्यांच्या आवारात आहे, अर्धा ठिपका मी त्यांना बोटाने दाखवला. पुढे जे व्हायचं ते होईल. प्रकाशभाऊजी, तुम्ही लॉरेन्सविरुद्ध तक्रारीचा कागद तयार केला आहे, मला माहीत आहे. तो द्यायचाच असेल तर त्यात माझं नाव घाला. एकट्याचं नाव घालून मी तो जाऊ देणार नाही.

मीनलला, आमच्या मुलीला, मी आज सकाळी सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. इथे आली आहे, एवढंच. मीनल, तू लगेच बोलावंस असं माझं म्हणणं नाही.

सुधीर, टेबल सरळ झालं होतं. मी नंतर पुन्हा लेव्हल लावून पाहिली होती. तुला सांगायचं राहिलं.

आता आपण उभे राहू या. अशा वेळी दोन मिनिटं शांत राहतात. आज मी घड्याळ लावणार नाही. लॉरेन्स, इथे पुढे, माझ्या शेजारी एक खुर्ची आहे. तिच्यावर सकाळपासून मी कोणाला बसू दिलेलं नाही. तू तिथून इथे ये. तो येऊन पोचेपर्यंत आपण सगळे शांत उभे राहू. कितीही वेळ लागला तरी. आणि त्याला वाट द्या.