तुंबलेली नाली अन् अश्विनीचे केस

— सुनेचे केसच निघतीन, शालिकराम, दुसरं काय निघणार हाय तिथून? टाक, तार टाक. ॲसिड ओतून झालं, पोरानं, वैभवनं, बांबू बी खुपसला — नाली तशीच, म्हणून तं तुले बोलावलं. भांडे बी याच मोरीत, आंघोळी बी याच मोरीत, पाणी थांबलं का घर थांबलं. परवा घोट्याइतकं साचलं अन् वैभव बायकोवर भडकला — "तुझ्या गुंतवळीनंच तुंबून राहिली!" मी? मी तिथंच होती ना, लसूण सोलत. नवरा-बायकोच्या मंधात सासूनं कायले पडावं — हो का नाही?

मंग काल अश्विनी पांढुर्ण्याले गेली अन् केस कापून आली. कमरेखाली होते रे! हळदीच्या दिवशी धुवाले दोघीजणी लागल्या होत्या. आता मानेवर. "आई, आता तरी पाणी जाईन," म्हणे. हासत म्हणे. हासत.

अडली का तार? पाइपाच्या वाकड्यात? लाव जोर — नाही, थांब. हळू. ऐक, जे निघन ते पोतडीत बांध अन् घेऊन जाय, तिले नोको दाखवू. काहून म्हंजे? घाण का दाखवाची चीज हाय?

तसा पाहू नोको माह्याकडे. आता तुले का सांगू — त्या साबणाच्या वडीनं तेलकटपणा जाते म्हणतेत, माह्या मनातून जात नाही. आंगणातल्या चुलीवर पाणी तापवतो आम्ही, पऱ्हाट्या जाळून. कापूस वेचून झाला का वाळल्या पऱ्हाट्या घरीच तं येतेत. त्याची राख पिठासारखी मऊ! अश्विनी म्हणे, आई, राख नालीत नोको, तेलासंगं जमते, दगड होते. मी हो म्हणो. अन् ती अंगणवाडीत ड्युटीवर गेली, का मुठी भरभरून राख घेऊन भांडे घासो. कढई अशी चमके! संध्याकाळी तीच म्हणे, "आई, तुमच्या हातासारखं मले जमतच नाही." मले गोड लागे ते. मंग सांगू कसं?

निघालं? पाहू — अवं माय! हा तं गोटा हाय. केस नाही? एकबी नाही? नीट पाह्य ना, एखादा तं असन…

आली का वं, अश्विनी? लवकर आली आज. काई नाही, केसच होते म्हणते शालिकराम. म्हण ना रे! — नोको उचलू ते, हात खराब होतीन. नोको फोडू, बाई. नोको…

हो. राखच हाय. मीच टाकत होती.

वैभवले मी सांगतो, आजच सांगतो. असा मानेवरून हात नोको फिरवू, बाई. शिव्या दे मले. दे ना वं —

शालिकराम, तू जाय बाबू आता.