तीच करवंटी

“अंग वाढलं गं बाळाचं, घास वाढव गं बाई,” असं गुणगुणत पानात भात वाढणारी माझी आत्या लांज्याच्या गुरांच्या दवाखान्यात एकदम आठवली. बाकावर शेजारी केरू नावाचे म्हातारे बसले होते. त्यांची सून संकरित जातीची लहानशी, रोडकी मेंढी घेऊन आतून बाहेर आली.

“काय सांगितलान गो डॉक्टरनी? रोग हाय?”

“रोग नाही, मामंजी. उपाशी आहे नुसती.”

“उपाशी? रोज करवंटीभर भरडा खाते की!”

“दूध सुटलं तेव्हा तेवढा पुरत होता. आता सहा महिन्यांची झाली. एवढ्यावर ती नुसती जगते, वाढायला अंगात काही उरत नाही, म्हणाले.”

“म्हणजे मेंढी वाढली नि करवंटी तीच रवली!”

“आणि मी घाबरून सगळीच मेंढरं विकायला निघाले होते.”

“गप गो! आता दोन करवंट्या घाल.”

“तुम्हीच हसत होतात ना, कोकणात मेंढरं कोण पाळतं म्हणून?”

“हसत होतो.”

“मग कालपासून चहासुद्धा का नाही घेतलात?”

“देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, बाय. म्हटलं, बा देवा म्हाराजा, माझ्या सुनेची मेंढी जगव, तोवर चहा घेणार नाय.”